तडजोड आणि तिऱ्हाईत : प्रस्तावना

इंग्रजी भाषेत ‘कॉम्प्रमाइझ’ या एकाच शब्दाकडून परस्परांशी न जुळणारी तीन कामे करून घेतली जातात. पार्लमेंटातील दोन पक्षांनी आपापल्या मागणीचा काही अंश सोडून एखादे विधेयक तडीस नेले म्हणजे ते कॉम्प्रमाइझ, आणि ते त्या राष्ट्राच्या राजकीय परिपक्वतेचे लक्षण मानले जाते. एडमंड बर्कने १७७५ साली अमेरिकन वसाहतींशी सलोखा करावा म्हणून जे प्रसिद्ध भाषण केले, त्यात सगळी राज्यव्यवस्थाच या देवघेवीवर उभी असल्याचे प्रतिपादन आहे. उलटपक्षी एखाद्या गृहस्थाने अधिकारपदाच्या मोहाने आपले मत गिळले तर तेही कॉम्प्रमाइझच, आणि जॉन मोर्ले यांनी १८७४ साली या विषयावर जो स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराला कोठवर क्षमा करावी हे ठरवण्यासाठी. तिसरा अर्थ याहून निराळा आहे. गुप्त लिपी शत्रूच्या हाती लागली, किल्ल्याचा एखादा दरवाजा आतून उघडा राहिला, कोणाच्या अब्रूला बट्टा लागेल असा कागद परक्याच्या पेटीत निघाला, तर त्या लिपीचे, त्या किल्ल्याचे, त्या अब्रूचे कॉम्प्रमाइझ झाले असे इंग्रज म्हणतो. येथे कोणी कोणाशी काही ठरवलेले नसते, केवळ कोणीतरी धोक्यात आलेले असते.

यांपैकी पहिल्या दोन अर्थांची चर्चा महाराष्ट्रात यथेच्छ झाली आहे. रानडे-गोखल्यांचा नेमस्त मार्ग शहाणपणाचा की दुबळेपणाचा, टिळकांची प्रतियोगी सहकारिता ही माघार की डावपेच, आगरकरांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडला तो हट्टापायी की तत्त्वापायी, या प्रश्नांवर आपल्या तीन पिढ्यांनी शाई खर्च केली, आणि ती व्यर्थ गेली असे मी म्हणणार नाही. परंतु या सगळ्या वादांत दृष्टी खिळून राहिली ती तडजोड करणाऱ्यावर: त्याने किती सोडले, का सोडले, सोडताना त्याच्या मनाला काय वाटले. जो त्या बैठकीत नव्हताच त्याचे पुढे काय झाले, याची विचारपूस क्वचितच झाली. पुढील प्रकरणांचा सारा खटाटोप हे दाखवण्यासाठी आहे की पहिल्या अर्थाची तडजोड आणि तिसऱ्या अर्थाचा धोका ही बहुधा एकाच व्यवहाराची दोन टोके असतात. दोघे जेव्हा समेट करतात तेव्हा त्यांनी उदारपणे सोडलेला अंश पुष्कळदा त्यांचा स्वतःचा नसतोच, तो तिऱ्हाइताचा असतो.

या विवेचनासाठी मालवणचा किनारा निवडण्यात जन्मभूमीचा पक्षपात थोडा आहे, पण तेवढेच कारण नाही. घाट आणि समुद्र यांमधल्या या चिंचोळ्या पट्टीत अठराव्या शतकात सातारकर, करवीरकर, वाडीकर सावंत, आंग्रे, गोव्याचे फिरंगी आणि मुंबईकर इंग्रज अशा इतक्या सत्तांचे हितसंबंध गुंतले होते, की संपूर्ण विजय कोणाला परवडत नव्हता आणि संपूर्ण पराभव कोणी कबूल करीत नव्हता. परिणामी येथला इतिहास लढायांपेक्षा तहनाम्यांनी अधिक भरला आहे. १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह होऊन शाहू महाराज आणि करवीरचे संभाजी महाराज यांनी घराण्यातला तंटा मिटवला, आणि साळशीपासून दक्षिणेस अंकोल्यापर्यंतचे तळकोकण करवीरच्या वाट्यास आले. दोघा चुलतभावांच्या दृष्टीने हा तह उत्तमच होता आणि तो टिकलाही; मात्र ज्या मुलखाची त्यात वाटणी झाली तेथे वाडीचे सावंत आपल्या सनदा घेऊन आधीपासून बसलेले होते, आणि त्यांचे नि करवीरकरांचे हेवेदावे पुढे शतक उलटेपर्यंत धुमसत राहिले. त्या धुमश्चक्रीत सीमेवरच्या गावांनी दोन्हीकडचा रोष सोसला.

सर्वांत बोलका प्रसंग १७६५-६६ सालचा. करवीरच्या गादीचा कारभार त्या वेळी राणी जिजाबाई पाहत होत्या, आणि मालवणच्या आरमाराने कंपनीच्या व्यापाराला सळो की पळो करून सोडले होते. मुंबईहून मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांची मोहीम निघाली, सिंधुदुर्ग पडला, आणि शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला त्या दुर्गाला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नवे नाव मिळाले. परंतु तो ठेवणे फायद्याचे नाही आणि पाडून टाकणे तर त्याहून कठीण, हे इंग्रजांच्या लवकरच ध्यानात आले. मग बोलणी सुरू झाली. किल्ला करवीरकरांना परत, त्याबद्दल त्यांनी कंपनीस पावणेचार लाखांहून अधिक रुपये द्यावेत, इंग्रजी जहाजांस उपद्रव देऊ नये, आणि मालवणात वखार घालण्यास मोकळीक असावी, असा तह ठरला. त्याच मोहिमेत इंग्रजांनी रेडीचा यशवंतगडही सावंतांकडून घेतला होता. तोही रकमेच्या बोलीवर परत गेला, आणि ती रक्कम उभी करण्यासाठी वाडीकरांना वेंगुर्ल्याचा महसूल १३ वर्षांच्या मुदतीने गहाण टाकावा लागला.

तडजोडीच्या शास्त्राप्रमाणे पाहिले तर हे दोन्ही तह निर्दोष म्हटले पाहिजेत. प्रत्येकाने काही दिले, प्रत्येकाला काही मिळाले, रक्तपात थांबला. परंतु दरबारची तिजोरी आकाशातून भरत नाही; ती भरते भाताच्या खळ्यावर, मिठागरावर आणि बंदराच्या जकातनाक्यावर. वेंगुर्ल्याच्या रयतेने ना रेडीचा गड गमावला होता, ना तो परत मागितला होता; तरी आपला वसूल आता कोणाच्या कर्जफेडीला जातो हे तिला पेढीवाल्याचा माणूस दारात उभा राहिला तेव्हा कळले असेल. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मालवणच्या आरमाराचे पवाडे आपण अभिमानाने ऐकतो, पण त्या आरमाराने अडवलेल्या गलबतांचे धनी सर्वस्वी परकेच होते असे नाही. किनाऱ्याने माल नेणारा आपलाच वाणी-उदमी त्यात भरडला जात होता, आणि त्याच्यापुरता हा तह वरदानच ठरला. तिऱ्हाईत नेहमी गमावतोच असा माझा सिद्धान्त नाही. त्याला विचारले जात नाही, एवढेच मी म्हणतो.

१८१२ साली हाच पट पुन्हा मांडला गेला, पण या वेळी एका बाजूला उठण्याचे बळ उरले नव्हते. १ ऑक्टोबरच्या तहान्वये करवीरकरांनी सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट कंपनीच्या स्वाधीन केले, चिकोडी-मनोळीवरील हक्क सोडला, लढाऊ जहाजे न बाळगण्याचे मान्य केले, आणि मोबदल्यात पेशव्यांपासून संरक्षणाची हमी मिळवली. त्याच वर्षी वेंगुर्लेही वाडीकरांच्या हातून गेले, आणि १८१९ साली सावंतांनी इंग्रजांचे सार्वभौमत्व मान्य केले. करवीरचे राज्य वाचले. ते १९४९ पर्यंत, म्हणजे मुंबई प्रांतात विलीन होईतो, राहिले. नाहीसे झाले ते आरमार, आणि त्याबरोबर गाबीत, भंडारी, दालदी अशा दर्यावर्दी जमातींचा पिढीजात पेशा. तांडेलाचा मुलगा एका कलमाच्या शाईने निव्वळ मासेमार झाला. किल्ला गेल्याचे दुःख बखरकारांनी लिहून ठेवले आहे. या दुसऱ्या हानीची नोंद कोणत्याही दप्तरात स्वतंत्रपणे केलेली माझ्या पाहण्यात नाही.

असे आपल्याकडेच घडते असा समज कोणी करून घेऊ नये. १७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना सिद्ध होत असता उत्तर आणि दक्षिण प्रांतांचा वाद मिटला तो प्रतिनिधित्वासाठी गुलामांची गणना तीन पंचमांशाने करावी या तोडग्यावर. ज्यांचा हा अपूर्णांक झाला त्यांपैकी एकही त्या सभागृहात नव्हता, आणि ही तडजोड पुढे रक्ताने पुसावी लागली. १९३८ च्या सप्टेंबरात म्यूनिकला चार सत्तांनी शांतता विकत घेतली तेव्हा चेकोस्लोव्हाकियाचे प्रतिनिधी बैठकीबाहेर निकालाची वाट पाहत होते. इतके पुरे, जगाच्या इतिहासातून अशी उदाहरणे काढू लागल्यास ग्रंथ त्यांनीच भरेल.

आमच्या किनाऱ्यावर राजांचे तह संपले आणि जमिनीचे सुरू झाले. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग होता, आणि त्या जिल्ह्याची खोती म्हणजे सरकार आणि खोत यांच्यामधल्या अर्धशतकी वादाचे आगर. इंग्रजी मोजणी आली, खोताचे येणे किती आणि सरकारचे किती यावरून कज्जे झाले, अर्ज गेले, आणि शेवटी १८८० चा खोती कायदा होऊन खोताचा वतनी अधिकार सरकारने मानला व खोताने मोजणीची शिस्त मानली. त्या वादात खोतांचा पक्ष मांडणारा विद्वान होता रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक. ते स्वतः दापोलीकडच्या मुरूडचे खोत, हिंदू धर्मशास्त्राचे व्यासंगी, आणि १८७४ पासून मुंबईच्या कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि निर्भीडपणाविषयी मला आदरच आहे. खोतांवर सरकारी अरेरावी होत होती हेही खरे. परंतु कुळाचा मंडलिक कोण होता? कायद्याने धारेकरी, दुपटकरी, दिडपटकरी, वहिवाटीचे कूळ अशा पायऱ्या लावून कुळाला काही आधार दिला, नाही असे नाही. पण अर्धेल की तिर्धेल, भाताच्या राशीतून खोताने किती उचलावे, नाचणी-वरीच्या डोंगरउतारावर किती, वेठ-बिगार चालावी की नाही, या प्रश्नांवर ज्याच्या पाठीवर ते ओझे होते त्याचे मत कोणत्याही सभागृहात वाचले गेले नाही. दोन भावांनी विहीर वाटून घ्यावी आणि रहाट ओढणाऱ्याने कोणत्या बाजूने पाणी प्यावे हे ठरवायचे राहून जावे, तसा हा प्रकार झाला.

कुळाचा आवाज कायदेमंडळात पोहोचण्यास १७ सप्टेंबर १९३७ उजाडावे लागले. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. १८८० पासून मोजले तर दोघांच्या समेटाचे व्याज तिसऱ्याने सत्तर वर्षे फेडले, असा हिशेब होतो.

याच ठिकाणी एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. तिऱ्हाइताला बैठकीत बसवले म्हणजे तडजोड शुद्ध होते काय? २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार याचे उत्तर अवघड करून ठेवतो. येरवड्यात अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी हजर होते, बाबासाहेबांची स्वाक्षरी त्या कागदावर आहे, आणि प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. तरीही आमरण उपोषणाच्या छायेत झालेल्या या कराराविषयी बाबासाहेबांनी पुढे जे लिहिले त्यात समाधानाचा लवलेश नाही. स्वतंत्र मतदारसंघ गेला, आणि निवडून येणाऱ्याला इतरांच्या मतांवर अवलंबून राहावे लागले. हजेरी आवश्यक आहे, पर्याप्त नाही; ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नसेल तर स्वाक्षरी ही पावती ठरते, संमती ठरत नाही. या कराराचा निवाडा करण्याचा अधिकार मी घेत नाही, पण तडजोडीवर लिहिणाऱ्याने त्याच्या बाजूने वळसा घालून जावे हे मला भेकडपणाचे वाटते.

आपल्या जुन्या न्यायपद्धतीला तिऱ्हाइताचे भान मुळीच नव्हते असे मात्र नाही. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की दोन्ही वादी प्रथम राजीनामा लिहून देत, म्हणजे निवाडा होईल तो मान्य करू असे बांधून घेत. लॅटिनमध्ये ज्या संज्ञेपासून इंग्रजी शब्द निघाला तिचा रोमन कायद्यातला आशय नेमका हाच होता. मग साक्षीपुरावा होऊन महजर तयार होई, आणि त्यावर पाटलाचा नांगर, तसेच बलुतेदारांपैकी ज्याची त्याची धंद्याच्या हत्याराची निशाणी उमटे. जिंकणाऱ्याने हरकी भरावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरून येजितखत लिहून द्यावे, आणि गावाने ते ऐकावे, अशी ती रीत. दोघांच्या भांडणात सुतार-लोहारांच्या निशाण्या कशासाठी, असे आजच्या वकिलाला वाटेल. पण पाटलाचा नांगर कोणाच्या हाती गेला याचे परिणाम त्या सुताराला भोगायचे असत. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उपऱ्याला तेथे स्थान नव्हते, स्त्रीला क्वचित, आणि अस्पृश्याची निशाणी कागदावर असली तरी बसण्याची जागा चावडीबाहेरच असे. आमच्या गावऱ्हाटीतही रवळनाथापुढे गाऱ्हाणे घातले जाते, बारा-पाच मानकरी उभे राहतात, आणि जमलेला गाव एका सुरात ‘होय म्हाराजा’ म्हणतो. त्या होकारात सारा गाव असतो खरा, पण मानपानाचा तंटा एकदा जडला की त्याच गावाची जत्रा वर्षानुवर्षे खोळंबते आणि मिटवायला कोणी पुढे येत नाही.

आजच्या कायद्याची या बाबतीतली जाण, मला वाटते, आपण समजतो त्यापेक्षा सूक्ष्म आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने पक्षकारांना दाव्यात तडजोड करण्याची मुभा दिली. परंतु पक्षकार अज्ञान असेल तर त्याच्या पालकाने न्यायालयाच्या परवानगीवाचून काही सोडू नये अशी अटही घातली, आणि १९७६ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले: जो दावा अनेकांच्या वतीने चालला आहे त्यात न्यायालयाच्या अनुमतीशिवाय, आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना सूचना दिल्याशिवाय, तडजोड होऊ शकत नाही. फौजदारीतही अपराध आपसांत मिटवण्याचा हक्क ज्याला इजा झाली त्याचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा किंवा पुढाऱ्यांचा नव्हे. मात्र १९८७ च्या कायद्याने आलेल्या लोकन्यायालयाचा निवाडा अंतिम असून त्यावर अपील नाही, आणि १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने तंटा मिटवण्याला पारितोषिकाची जोड दिली. वाडीवर ‘मिटवून टाका’ हा उपदेश ज्या आवाजात केला जातो तो ऐकला की पुष्कळदा शंका येते, की मिटवायचे ते भांडण, की भांडणारा दुबळा माणूस?

शेवटची दोन प्रकरणे पाण्याची आहेत. समुद्रातला वाद रापणकार आणि ट्रॉलरवाले यांच्यापासून सुरू झाला व पर्ससीन जाळ्यांनी त्याला धार आली. रापण ही अशी मासेमारी, की किनाऱ्यावरून दोर ओढायला जो हात लावतो त्याला वाटा मिळतो. पर्ससीनची घेरणारी बोट मासळीचा थवाच्या थवा उचलते, आणि किनाऱ्याला येणारे काही उरत नाही. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने किनाऱ्यालगतचे पाणी यांत्रिक नौकांना वर्ज्य केले, सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ साली पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत राहिली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढवून निवाड्याचे काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे दिले. नियम चांगले आहेत. ते पाळले जात नाहीत तेव्हा सर्जेकोट-दांडीच्या किनाऱ्यावर काय होते हे वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. अशा प्रत्येक बैठकीत नौकामालक असतात, अधिकारी असतात, लोकप्रतिनिधी असतात. टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी बाई आणि दूर मुलखातून आलेला खलाशी नसतो. मासळीला तर वकील मुळातच नाही.

दुसरे पाणी तिलारीचे. दोडामार्गातील या धरणाविषयी गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात १९९० साली करार झाला; ७३.३ टक्के पाणी गोव्याचे, २६.७ टक्के महाराष्ट्राचे, आणि खर्चही त्याच हिशेबाने. आंतरराज्य पाणीतंट्यांनी देशाला कसे ग्रासले आहे हे पाहता, दशांशापर्यंत मोजलेली ही वाटणी कौतुकास्पदच होय. पण धरणाखाली गेली ती आयनोडे, सरगवे, शिरंगे, केंद्रे, पाटये यांसारखी गावे. टक्केवारीत त्यांना रकाना नव्हता. प्रकल्पग्रस्तांना नोकरी द्यायची की नोकरीऐवजी एकरकमी पैसे, हा वाद कालव्यात पाणी सुटल्यावरही चालत राहिला, म्हणजे दोन राज्यांची तडजोड पुरी झाल्यानंतर तिसऱ्याची सुरू झाली. क्रम उलटा असता तर करार लांबला असता, महागही पडला असता, पण तो अधिक खरा झाला असता, असे माझे मत आहे आणि ते पुढे सविस्तर मांडले आहे.

वाचकांना एक विनंती. मालवण, आचरे, देवगड, वेंगुर्ले, बांदे या बाजूंच्या जुन्या घरांच्या माळ्यांवर कबुलायती, फारखती, खोतीच्या वाटणीचे कागद, रापणीच्या वाट्यांच्या वह्या, देवस्थानच्या मानपानाचे करारनामे अजून पडून असतील. घर पाडताना ते रद्दीत घालू नयेत. मोडी वाचता येत नसेल तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात अथवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात दाखवावेत, आणि वाचून घेताना सह्या कोणाच्या आहेत एवढेच न पाहता, ज्याची जमीन, ज्याचे जाळे किंवा ज्याचे श्रम त्या कागदात वाटले गेले आहेत त्याचे नाव कोठे आले आहे काय, तेही शोधावे.